अर्धा गिरका

सातव्यांदा बटण दाबताना बारकीनं श्वास रोखून धरला, जणू इतका वेळ तिच्या श्वासामुळेच सगळं अडलं होतं. बुटांच्या खोक्याएवढ्या त्या करड्या पेटीत पंखा हलला, त्यानं अर्धा गिरका घेतला आणि तो थांबला. समोरचा बारीक दिवा लागला तसा विझला. खोलीत पुन्हा घड्याळाची टिकटिक तेवढी उरली.

"आता काय झालं रे तुला?" ती म्हणाली.

वस्तूंशी बोलायची सवय तिला गेल्या चार महिन्यांतली. किटलीशी, अडकणाऱ्या कडीशी, खिडकीच्या न बसणाऱ्या तावदानाशी. वस्तू उलट बोलत नाहीत, याचं पहिल्या महिन्यात तिला फार कौतुक वाटलं होतं. दुसऱ्या महिन्यापासून ते कमी कमी होत गेलं.

घरातल्या शेंडेफळाला पडतं तसं बारकी हे नाव तिला पडलं, आणि पुढे वजन वाढलं, केस पिकले, बावन्न वर्षं झाली तरी ते सुटलं नाही. दुकानात येणारी माणसंही 'बारकीताई' म्हणायची आणि त्यात काही विनोद आहे हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही. दुकान थोरल्या भावाचं. आधी रेडिओ आणि टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग मोबाइल आणि कॉम्प्युटर. जे बिघडेल ते दुरुस्त करायचं. अठ्ठावीस वर्षं ती त्या दुकानातल्या टेबलाशी बसली होती. सुटे भाग आणून एक छोटा कॉम्प्युटर जुळवणं तिला खरं तर हातचा मळ असायला हवं होतं.

उद्या, सोमवारी सकाळी दहाला तिचं नवं काम सुरू व्हायचं होतं. कानाला हेडफोन लावायचा, माणसांची रेकॉर्ड केलेली बोलणी ऐकायची आणि जशीच्या तशी टाइप करायची. घरबसल्या. काम देणाऱ्या बाईंनी फोनवर विचारलं होतं, "मशीन तुमचं स्वतःचं आहे ना? दहाच्या ठोक्याला जोडलेलं दिसलं नाही तर मी यादीतल्या पुढच्या माणसाला फोन करते हं." बारकीनं टेबलावरच्या न उघडलेल्या सात खोक्यांकडे बघत "आहे तर!" म्हटलं होतं. काम नाही तर ही खोली नाही. खोली नाही तर पुन्हा दुकानाच्या वरची ती मागची खोली, आणि जिन्यावरून खाली येता येता दादाची हाक.

तयार मशीन आणता आलं असतं. पण मोठं मशीन ह्या टेबलावर मावलं नसतं, आणि तिच्या मनात तर त्याहून मावलं नसतं. ह्या खोलीतली पहिली चालती वस्तू तिला आपल्या हातची हवी होती. कुणी मागे बसून न सांगता केलेली.

काल जुळवून झालं तेव्हा तर पंखाही हलला नव्हता. मिट्ट शांतता. तिनं त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावून बघितला, लागला. वायर बदलून बघितली. मग झाकण उघडलं आणि दहा मिनिटांत चोर सापडला. पॉवर सप्लायला स्वतःचं एक बटण असतं. मोठ्या कॅबिनेटमध्ये ते मागच्या बाजूला डोळ्यांसमोर असतं, पण ह्या चिमुकल्या पेटीत पॉवर सप्लाय पोटात आडवा झोपवलेला होता आणि त्याचं बटण झाकणाखाली गेलं होतं. ते बंदच राहिलं होतं. ती मोठ्यानं हसली. हसत हसतच मागे वळली, "बघितलंस का" म्हणायला.

मागे भिंत होती. भिंतीत आधीच्या भाडेकरूचा एक खिळा.

ते बटण चालू केल्यापासून हा अर्धा गिरका सुरू झाला होता. ज्याच्याकडून भाग आणले त्या दुकानदारानं कालच फोनवर निकाल दिला होता.

"बोर्डच गेला असेल, ताई. आणून द्या. आठवडाभरात कळवतो."

"आठवडा नाहीये माझ्याकडे."

"मग सगळं सोडवून परत लावा."

"दोनदा लावलं."

"मग तिसऱ्यांदा लावा," तो अगदी प्रेमानं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

आज सकाळी तिनं तिसऱ्यांदा लावायच्या आधी सगळं बाहेर काढलं. खोक्याचा पुठ्ठा टेबलावर अंथरला, त्यावर बोर्ड ठेवला, प्रोसेसर, त्याच्यावरचा पंखा आणि मेमरीची एकच पट्टी एवढंच राहू दिलं. पेटीचं बटण नव्हतंच, म्हणून बोर्डावरच्या दोन बारीक पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा भर्रकन फिरला आणि फिरतच राहिला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती दोन मिनिटं त्या अक्षरांकडे नुसती बघत बसली. मग सगळं बंद केलं, बोर्ड परत पेटीत बसवला, चारही स्क्रू आवळले, बटण दाबलं.

अर्धा गिरका.

पुन्हा बाहेर काढला, चालला. पुन्हा आत घातला, थांबला. उघड्यावर छान, घरात घातला की दातखीळ. माणसांचं उलट असतं असं लोक सांगतात. बारकीला त्याबद्दल आता पूर्वीइतकी खात्री नव्हती.

दारावर टकटक झाली. खालच्या मजल्यावरच्या मालकीणबाई होत्या. चाळीस वर्षं इस्पितळात नर्स होत्या, आणि अजूनही कुठल्याही खोलीत शिरताना त्यांची नजर आधी पलंगाकडे जायची.

"काय हो, चालू झाला का तुमचा डबा?"

"धुगधुगी आहे."

"मग नातेवाइकांना बोलवा," बाई म्हणाल्या. "धुगधुगी म्हटलं की वॉर्डात पहिलं तेच करायचो आम्ही."

बारकी हसली. बाई हसल्या नाहीत. त्या टेबलावरचे सुटे स्क्रू, कालचा न धुतलेला कप आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची बघून घेत होत्या.

"आहे ना कुणी?" त्यांनी विचारलं.

"भाऊ आहे. पण..."

"पणबिण नंतर. खाली स्टूल आहे माझं. तो येणार असला तर घेऊन जा."

बाई गेल्या तरी बारकी बराच वेळ फोन हातात धरून बसली होती.

चार महिन्यांपूर्वी ती निघाली तेव्हा टेम्पोवाला आणि ती, दोघांनी मिळून अकरा खोकी जिन्यावरून उतरवली होती. दादा दुकानाच्या दारात उभा होता. दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. अकरापैकी एकाही खोक्याला त्यानं हात लावला नाही. टेम्पोवाल्यानंसुद्धा एकदा त्याच्याकडे आणि एकदा तिच्याकडे बघितलं होतं. शेवटचं खोकं चढवून झाल्यावर ती दादासमोर उभी राहिली आणि आठ वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य तिनं एकदाचं बोलून टाकलं. "मला आता कुणी सांगायला नको, दादा."

"बरं," दादा म्हणाला होता.

आठ वर्षं, म्हणजे वहिनी गेली त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. तोवर टेबलाशी तो बसायचा आणि ती बाजूला. एके दिवशी त्यानं डाग द्यायची सोल्डरची कांडी तिच्यापुढे ठेवली. "आता तू कर. मला कंटाळा आलाय." तेव्हापासून तो मागे स्टुलावर, आणि ती त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी. तो सांगायचा, ती करायची. डावीकडचा काढ. तो नाही, त्याच्या शेजारचा. कांडी कमी टेकव, जळेल. बरोबर सांगायचा, हीच तर चीड होती. खिशात हात घालून बसलेला साहेब, आणि ती त्याचा स्क्रूड्रायव्हर. चहासुद्धा म्हणे "अर्धाच कप भर", मग पाच मिनिटांनी "उरलेला अर्धा आण." दोनदा उठायचं ते तिनं. जेवायला बसताना "तू जेवून घे, मी बातम्या ऐकून बसतो."

आणि त्या चिठ्ठ्या. दुरुस्त झालेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायचा दुकानाचा नियम होता. दोष काय होता, दुरुस्ती कुणी केली, पुन्हा दाखवायला कधी आणायची. चिठ्ठ्याही त्यानं तिच्याकडेच दिल्या होत्या. "तू लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." तिचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय; शाळेत त्यावरून छड्या खाल्लेल्या. त्या कोंबडीच्या पायांनी तिनं आठ वर्षं प्रत्येक चिठ्ठीवर लिहिलं, 'दुरुस्ती: दादा'. एकदा तिनं विचारलं होतं, "हात माझे आणि नाव तुझं का?" तो म्हणाला होता, "दुकान माझं आहे म्हणून." आणि बाहेर निघून गेला होता.

तिनं नंबर लावला.

"हं." दादा फोनवर हॅलो म्हणत नसे.

"दादा, मी."

"दिसतंय नाव. काय बिघडलंय?"

बिघडल्याशिवाय फोन करायचा नाही असं काही ठरलं नव्हतं. तसं होत मात्र आलं होतं. "एक मशीन जुळवलंय. छोटं आहे. सुरू होत नाही."

"आवाज?"

"पंखा अर्धा गिरका घेतो आणि थांबतो."

"बाहेर काढून बघितलंस?"

"बाहेर चालतं. आत घातलं की नाही."

तिकडे थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. दादा विचार करत असला की दुकानातला जुना पंखा कुरकुरताना ऐकू यायचा. आज तोही आला नाही.

"तुझ्याकडे गर्दी असेल ना?" तिनं विचारलं.

"कामाचा ढीग पडलाय," दादा म्हणाला. "नुसता ढीग."

तिला ते कुठेतरी बोचलं. आपल्यावाचून कुणाचं अडावं अशी तिची इच्छा नव्हती. पण अजिबातच अडू नये अशीही नव्हती.

"मग राहू दे. बघते मी."

"पत्ता सांग," दादा म्हणाला.

तो तीनच्या सुमाराला आला. दार वाजवलं नाही, जिन्याच्या मधल्या वळणावरूनच "बारके!" अशी हाक आली, लहानपणी खेळायला बोलवायचा तशी. ती दार उघडून उभी राहिली. दादाच्या खांद्याला कापडी पिशवी लटकत होती आणि दोन्ही हात जाकिटाच्या खिशात होते. जिना चढतानासुद्धा.

'आलास का साहेब होऊन,' तिच्या मनात आलं. तोंडानं ती म्हणाली, "वाळलास."

"तुला चष्मा बदलायला झालाय." तो आत आला आणि खोलीभर एकदा फिरला. त्याला चार पावलं लागली. "खिडकी चांगली आहे."

"तावदान बसत नाही."

"बिजागरी खाली आलीये."

"माहितीये."

"मग?"

"वेळ झाला नाही."

"चार महिन्यांत?"

"दादा, तू खिडकी बघायला आलायस का?"

तो मालकीणबाईंच्या स्टुलावर बसला. ती आपल्या खुर्चीत बसली, टेबलाकडे तोंड करून. स्टूल तिनंच मांडलं होतं आणि ते बरोबर तिच्या मागे, उजव्या खांद्याच्या रेषेत आलं होतं, हे तिला आत्ता कळलं. तिची पाठ नेहमीसारखी ताठ झाली. आणि, हे तिला फारसं आवडलं नाही, पण चार महिन्यांत पहिल्यांदा पाठीला लागणारं वारं थांबलं.

"पिशवीतलं काढ," दादा म्हणाला.

पिशवीत दुकानातल्या अवजारांची गुंडाळी होती. तिनं ती उलगडली. त्यात बारीक टोकाचा चिमटा होता, मुठीवर लाल दोरा गुंडाळलेला. तो दोरा तिनंच गुंडाळला होता, बोटं घसरू नयेत म्हणून.

"चिमटा कशाला आणलास? दुकानात लागेल ना."

"तुझ्याकडे आहे की नाही काय माहीत. झाकण काढ."

तिनं झाकण काढलं. बटण दाबून दाखवलं. अर्धा गिरका.

"शॉर्ट आहे कुठेतरी," दादा म्हणाला. "बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडतोय. चांगला बोर्ड आहे."

"तेवढं मलाही कळलं. खाली स्क्रू पडलाय का बघितलं, नाही. खालचे चारही पाय बरोबर आहेत. बटणाच्या वायरी काढून बघितल्या. तेच."

"हं. मागची बाजू?"

"दिसत नाही. वायरी मध्ये येतात."

"वायरी बाजूला धर."

तिनं दोन्ही हातांनी वायरींचा जाड जुडगा ओढून धरला. पेटी इतकी अरुंद होती की एक हात काढला तर जुडगा परत जागेवर येत होता. आत अंधार होता. दुकानात टेबलाला स्क्रूनं जखडलेला लांब मानेचा दिवा होता. इथे मालकीणबाईंच्या टॉर्चशिवाय काही नव्हतं.

"टॉर्च धर ना जरा," ती म्हणाली.

मागे काही हालचाल झाली नाही.

"दादा, टॉर्च."

"तोंडात धर."

"तोंडात धरून बोलू कशी?"

"थोडा वेळ बोलली नाहीस तर काही बिघडणार नाही."

"अरे, काय माणूस आहेस! माझे दोन्ही हात अडकलेत. तुझे काय खिशाला शिवलेत का?"

स्टूल कुरकुरलं. तिच्या उजव्या खांद्यावरून एक हात आला, टेबलावरची टॉर्च त्यानं पहिल्या खेपेला उचलली नाही, दुसऱ्या खेपेला उचलली. पेटीत उजेड पडला.

उजेड थरथरत होता.

"हलवू नकोस," ती सवयीनं म्हणाली.

"नाही हलवत."

पत्र्याच्या आतल्या भिंतीवर तो पांढरा गोल थरथरत राहिला. टेबल हलतंय असं आधी तिला वाटलं. टेबल हलत नव्हतं. मग टॉर्चची बॅटरी संपत आली असेल असं वाटलं. पण उजेड कमीजास्त होत नव्हता, तो नुसता जागेवर राहत नव्हता. वाऱ्यावरच्या पानासारखा, न थांबता, एका लयीत. मग दुसरा हात आला, त्यानं पहिल्याचं मनगट घट्ट धरलं आणि दोन्ही मिळून पेटीच्या काठावर टेकले. काठाचा पत्रा बारीक किरकिरायला लागला. उजेड जवळजवळ थांबला.

बारकीनं मागे वळून बघितलं नाही. तिच्या हातात वायरी होत्या आणि ती वायरींकडेच बघत राहिली. अर्धा कप. तू जेवून घे. तुझं अक्षर चांगलं आहे. अकरा खोकी.

तिच्या मानेमागे दादाचा श्वास ऐकू येत नव्हता. तो रोखून धरलेला होता.

त्याच जेमतेम स्थिर उजेडात तिला ते दिसलं. पेटीच्या मागच्या बाजूला, वायरी खोचायच्या भोकांभोवती, एक पातळ पत्रा बसवायचा असतो. त्या पत्र्याला आतून बारीक जिभा असतात, स्प्रिंगसारख्या. त्यांनी भोकांच्या वरून टेकायचं असतं. त्यातली एक जीभ, तांदळाएवढी, वर टेकायचं सोडून भोकाच्या आत शिरली होती आणि आतल्या पिनांना चिकटली होती. बोर्ड बाहेर काढला की ती सुटत होती, आत बसवला की पुन्हा तिथेच शिरत होती. दोन दिवस ती ज्याला शोधत होती ते एवढंसं होतं.

तिनं चिमट्याकडे हात नेला नाही.

"मला काही दिसत नाहीये, दादा," ती म्हणाली. "तू सांग. काय करू?"

काठाचा पत्रा किरकिरत होता.

"बाहेर चालतं आणि आत चालत नाही," दादा सावकाश म्हणाला, "म्हणजे बोर्डाची चूक नाही. पेटीतलंच काहीतरी त्याला टोचतंय." तो खाली वाकला. त्याची हनुवटी तिच्या खांद्याला लागली. "मागचा पत्रा बघ. जिभा मोज. वरच्या ओळीत किती आहेत?"

"पाच."

"असायला हव्यात?"

"सहा."

"मग सहावी कुठे गेली?"

तिनं पुरेसा वेळ घेतला. "अगं बाई," ती म्हणाली. "आत शिरलीये."

"कुठे?"

"डावीकडच्या भोकात."

"तेच. बोर्डाचे स्क्रू ढिले कर, बोर्ड बोटभर मागे ओढ. चिमट्यानं जीभ बाहेर काढ आणि वर वळव. हळू. तुटेल." आणि मग, ज्या आवाजात तो आठ वर्षं तिला सांगत आला होता त्याच आवाजात, "तो नाही. त्याच्या शेजारचा."

"हो," ती म्हणाली.

त्यानं सांगितलं तसंच तिनं केलं. मध्येच तो म्हणाला, "चिमटा आडवा धर," तेव्हा तो आधीच आडवा होता. तिनं तो उभा करून पुन्हा आडवा केला. जीभ वर वळली. स्क्रू आवळले. टॉर्च विझली आणि हात तिच्या खांद्यावरून निघून गेले. ते कुठे गेले असतील हे तिला न बघता कळलं.

तिनं बटण दाबलं. पंख्यानं अर्धा गिरका घेतला, आणि मग उरलेला अर्धा, आणि मग तो दिसेनासा झाला. पडद्यावर पांढरी अक्षरं आली.

दोघं बराच वेळ तो आवाज ऐकत बसली. त्यांच्या धंद्यात यापेक्षा मोठा आनंद दाखवायची पद्धत नव्हती.

"चांगलं जुळवलंस," दादा म्हणाला. "वायरी मात्र गबाळ्या बांधल्यास."

"तू जा की आता."

"चहा न देता?"

ती उठली. चहा झाल्यावर तिनं कपाटातला सगळ्यांत मोठा, रुंद कानाचा मग काढला, त्यात अर्ध्यापर्यंत चहा ओतला आणि तो स्टुलाशेजारी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. मग पाठ वळवून टेबलावरचे स्क्रू डबीत भरायला लागली. एक एक करून. खूप सावकाश. मागे चहाचा मग उचलल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला.

दादानं अर्धा कप भर असं आज म्हटलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तो म्हणाला,

"केव्हापासून माहितीये?"

"काय केव्हापासून?" तिनं स्क्रू मोजत विचारलं.

तिनं डबीचं झाकण लावलं. खालून मालकीणबाईंचा रेडिओ ऐकू येत होता.

"दुसरा अर्धा आणू?" ती म्हणाली.

"आण."

निघताना त्यानं पिशवी खांद्याला अडकवून घेतली. तिनंच ती अडकवली. रिकामी होती. अवजारांची गुंडाळी टेबलावर तशीच होती, लाल दोऱ्याचा चिमटा त्यावर.

"हे राहिलं," ती म्हणाली.

"राहू दे. तुला लागेल."

"आणि दुकानातला ढीग?"

"ढीग काय," दादा दारातून बाहेर बघत म्हणाला. "ढीग आहे तिथेच आहे."

तो जिन्यावर दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. "चिठ्ठी लिही."

"घरच्या मशीनला?"

"नियम तो नियम." मग आणखी एक पायरी उतरून, तिच्याकडे न बघता, "आणि नाव तुझं घाल. तुझंच होतं ते."

तो खाली जाईपर्यंत ती कठड्याशी उभी राहिली. रस्त्यावर तो लहान होत गेला, कोपरे बाहेर काढलेले, हात खिशात. थंडी वाजणारा कुठलाही माणूस लांबून असाच दिसला असता.

खोलीत पंखा चालूच होता. तिनं झाकण लावलं, चारही स्क्रू आवळले आणि थांबून ऐकलं. बंद पेटीतही तो फिरत होता. मग तिनं पुठ्ठ्याचा एक तुकडा कापला, त्याला भोक पाडलं, चिमट्याच्या मुठीवरून सुटलेला लाल दोरा ओवला आणि लिहायला बसली.

दोष: मागच्या पत्र्याची एक जीभ आत वळलेली.

दुरुस्ती: इथे पेन थोडा वेळ थांबला. मग तिनं लिहिलं, दादा.

पुन्हा दाखवा: रविवारी. दुकानात. सकाळीच येते.

कोंबडीचे पाय ते कोंबडीचे पायच. तिनं चिठ्ठी पेटीला बांधली, मग मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि दादाला पाठवला. पलीकडून उत्तर टाइप होत असल्याचे तीन ठिपके लागलीच दिसायला लागले. ते दिसायचे, थांबायचे, पुन्हा दिसायचे. ती फोन समोर ठेवून बसून राहिली. तिला घाई नव्हती.